स्कूटरच्या दुखण्यांची वही

विश्वेश्वर पुणतांबेकरांनी अकरावी किक मारली आणि स्कूटरने हूं की चूं केलं नाही.

"उठ ना गं बाई," ते म्हणाले.

मराठीत म्हणाले, हे मुद्दाम सांगायला हवं. काशीतल्या दूधविनायकच्या गल्लीत त्यांच्या घराण्याच्या सात पिढ्या गेल्या. दूधवाल्याशी, भाजीवालीशी, गल्लीतल्या गाईशी आणि गच्चीवरच्या माकडांशी ते हिंदीत बोलत. मराठी तिघांसाठी राखून ठेवलेली: देव, बायको आणि ही स्कूटर. त्यातही बायकोशी भांडण रंगात आलं की हिंदीवर घसरत. स्कूटरशी मात्र कधीच नाही.

सकाळचे आठ वाजत होते. अकरा वाजता देवव्रत येणार होता, आणि तोवर ती सुरू झाली नाही तर सगळंच संपलं. देवव्रत म्हणजे प्रयागच्या दारागंजातल्या मराठी घरातला पस्तिशीचा माणूस, कॉलेजात शिकवणारा, जुन्या स्कूटरींच्या पायी वेडा झालेला. त्याने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "काका, मी बसने येतो आणि तिच्यावर बसूनच परत जातो. चालू असली तर माझी. बंद गाडी उचलून न्यायला माझ्याकडे ना टेम्पो, ना टाइम." तो नाही तर दुसरा उमेदवार तयारच होता, नाक्यावरचा कबाडीवाला. तो दोनदा येऊन स्कूटर बघून गेला होता आणि दोन्ही वेळा त्याची नजर विश्वेश्वरांना आवडली नव्हती. खाटीक बकरीकडे बघतो तशी ती नजर. हातोडी घेऊन बसला की तासाभरात पत्रा वेगळा, इंजिन वेगळं.

मग ठेवून का घेत नाही, असं कुणी म्हणेल. अहो, ठेवणार कुठे! काचबिंदूने दोन्ही डोळ्यांचे कोपरे खाल्ले होते, डॉक्टरने हँडल धरायला साफ मनाई केली होती. आणि दारातली ती अंधारी ड्योढी, जिथे स्कूटर अडतीस वर्षं उभी राहिली, ती पुतण्याने दुकानासाठी मागितली होती. उद्या तिथे शटर लागणार होतं. पुतण्याचंही काही चुकलं नव्हतं, त्याला पोट आहे. पण मेलं उद्याच कशाला? असो.

विश्वेश्वरांनी बारावी किक मारली, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि आतून आवाज आला.

"कशाला छळताय तिला? शांतपणे जाऊ द्या की!"

शरदिनीबाई स्वयंपाकघरात देवव्रतच्या वाटेसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या तळत होत्या. कार्तिकस्नानाला त्या पहाटेच घाटावर जाऊन आलेल्या. डोळे लाल दिसत होते. पुऱ्यांच्या धुराने असतील, असं विश्वेश्वर समजले. सकाळपासून बाईंनी ड्योढीत पाऊल टाकलं नव्हतं, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. त्याचं कारण मात्र त्यांना तीस वर्षांपासून माहीत होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं.

विश्वेश्वर विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. प्राध्यापक येत, जात, परदेशी जाऊन मोठे होत, पण कुठला मीटर खरं बोलतो आणि कुठला थापा मारतो हे ह्यांनाच ठाऊक. तिथली शिस्त अशी की उपकरण बिघडलं की वहीत नोंद करायची: तारीख, लक्षण, कारण, उपाय. ती शिस्त त्यांनी घरी आणली आणि स्कूटरला लावली. लाल कापडी बांधणीची जाड वही, वर सुवाच्य अक्षरात 'स्कूटरची दुखणी'. शरदिनीबाई तिला 'सवतीची पत्रिका' म्हणत. गंमत अशी की गेली दोन वर्षं त्या पत्रिकेतलं अक्षर त्यांचंच होतं, कारण ह्यांना ओळ दिसेना. हे सांगत, त्या लिहीत. लिहिताना सारखी बडबड, पण ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही. मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवलेलं त्यांनी.

स्कूटर आली शहाऐंशी साली. नंबर लावून सहा वर्षं वाट पाहिल्यावर आली, म्हणजे लग्नापेक्षा जास्त ताटकळत ठेवलं तिने. विश्वेश्वर लखनौला गेले आणि चालवत घेऊन आले, पुढे टॉवेलात बांधलेला गणपती. दारात शरदिनीबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पुढच्या चाकावर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं आणि लगेच मागे बसून म्हणाल्या, "चला, सारनाथ!" त्यांना तेव्हा कसली हौस! रस्त्याला गर्दी बेताचीच, मागे केवड्याच्या अत्तराचा वास, आणि ह्यांना उगाचच हॉर्न वाजवायची खोड. पुढे निवेदिता झाली. ती मधे हँडल धरून उभी राहायची आणि वाटेतल्या प्रत्येक सांडाला "हटो!" म्हणायची. थंडीतल्या सकाळी तिघं चौकात जाऊन मातीच्या कुल्हडात मलइयो, म्हणजे केशरी दुधाचा फेस, खायचे, वारा लागून निवेदिताच्या नाकाला पाणी यायचं आणि तरी पोरगी म्हणायची, अजून एक. ती आता पुण्याला असते, तिची स्वतःची मोटार आहे. फोनवर म्हणाली, "बाबा, द्या आता देऊन." मग फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "माझी उभं राहायची जागा अजून घासलेली आहे का हो?"

आहे. अजून आहे.

आणि मग चौऱ्याण्णव साल.

शरदिनीबाईंची आई, माई, नागपूरला अखेरच्या दुखण्यात होती. तार आली तेव्हा रात्र झालेली. पहाटेची गाडी धरायची ठरलं. शरदिनीबाईंनी तांब्याचा छोटा गडू गंगेच्या पाण्याने भरून त्याला कापड बांधलं. काशीत नांदणाऱ्या लेकीची आई, तिच्या तोंडात शेवटची गंगा लेकीच्याच हातून पडायला हवी, एवढीच त्यांची धडपड. पहाटे साडेतीनला दोघं ड्योढीत उतरली आणि स्कूटर सुरू झाली नाही. अर्धा तास किका, अर्धा तास धक्के, त्या वेळी रिक्षा कुठली मिळायला! स्टेशनावर पोचले तेव्हा गाडी सुटून गेलेली. दुसऱ्या दिवशीची धरली. माई मधल्या रात्री गेली होती.

गडू तसाच परत आला. शरदिनीबाईंनी तो अमृतराव घाटावर नेऊन नदीत उपडा केला, आणि त्या दिवसापासून स्कूटरच्या मागे बसणं सोडलं. कुठे जायचं तर पायी, नाहीतर रिक्षा. स्कूटरला म्हणत 'ते धूड'. मात्र एक झालं. तेव्हापासून गल्लीत कुणीही जायला टेकलं की शरदिनीबाई पळी आणि तुळशीपत्र घेऊन हजर. शेजारची म्हातारी असो, पंख मोडलेली चिमणी असो, तोंडाला फेस आलेली गाय असो. तहानलेलं कुणी जाता कामा नये, म्हणत.

वहीत त्या दिवसाची नोंद आहे. कारण: कॉइल जळाली. ती साफ खोटी आहे. खरं असं, की आदल्या दिवशी एका मित्राकडे गाण्याची बैठक होती. विश्वेश्वर येताना रिझर्व्हवर आले, पंप वाटेत लागला होता, पण ऐकलेलं गाणं डोक्यात चाललं होतं, म्हणाले, उद्या भरू. टाकी कोरडी ठणठणीत. पहाटे अर्ध्या तासाने त्यांना ते आठवलं तेव्हा बायको गडू छातीशी धरून उभी होती. तिच्या तोंडाकडे बघून त्यांची जीभच उचलली नाही. कॉइल म्हणाले. आणि एकदा म्हणाले ते तीस वर्षं म्हणतच राहिले. शिव्या स्कूटरने खाल्ल्या.

तर आता नऊ वाजले.

विश्वेश्वरांचा नेम असा: आधी पेट्रोल, मग ठिणगी, मग हवा. आज त्यांनी पेट्रोल सोडून दिलं. टाकी कालच पंपावर नेऊन स्वतः भरून घेतलेली, पंपापासून घरापर्यंत शेजाऱ्याला चालवायला लावून स्वतः मागे बसून आवाज ऐकलेला, पहिल्या किकमध्ये उठलेली गाडी. स्कूटर हलवली तर आत डुचमळतंय. मग बघायचं काय! पाना लावून प्लग काढला. ओला. ओला म्हणजे पेट्रोल पोचतंय, असं कुणीही म्हणेल. पुसला, पॉलिशपेपरने घासला, इंजिनाच्या पत्र्याला टेकवून किक मारली, तर निळी ठिणगी कडकडीत. पुन्हा बसवला. काही नाही. डब्यातला नवा प्लग बसवला. काही नाही. हवेची जाळी काढून फुंकली, धुतली, लावली. काही नाही. स्कूटर आडवी कलंडवून धरली, सरळ केली, किक मारली. ढिम्म!

एव्हाना समोरच्या चौतऱ्यावर पान चघळणारे दोघं सल्ला द्यायला लागलेच होते. "गुरू, अब एके गंगालाभ करावा!" एक म्हणाला, म्हणजे आता हिला गंगेला पोचवा. दुसरा म्हणाला, लाथ मारा. विश्वेश्वरांनी त्या दोघांना अशा काही शब्दांत उत्तर दिलं की ते इथे लिहिता येत नाही. बनारसी माणसं ती, खूश होऊन हसली.

दहा वाजले. हात काळे, शर्ट भिजलेला, गुडघा ठणकतोय. विश्वेश्वर पायरीवर बसले आणि त्यांनी दिनानाथला फोन लावला. दिनानाथ म्हणजे भेलूपूरचा जुना मेकॅनिक, ज्याने ह्यांना पाना धरायला शिकवलं. आता ऐंशीचा, चंदौलीला मुलाकडे असतो, कान गेलेले. सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"प्लग गीला है?" दिनानाथने विचारलं.

"गीला है!"

"सूँघे?"

विश्वेश्वरांनी हातातल्या प्लगकडे बघितलं. वास घेतला नव्हता.

"बाबूजी, साइंस पढ़ाते-पढ़ाते नाक भूल गए का? पाइप निकालिए, हथेली पर दो बूँद लीजिए. उड़ जाए तो पेट्रोल, ठहर जाए तो पानी." एवढं बोलून म्हाताऱ्याने फोन ठेवूनही दिला.

विश्वेश्वरांनी पेट्रोलची नळी ओढून काढली, कॉक उघडला आणि तळहात खाली धरला. ह्या स्कूटरच्या कॉकची टाकीतली दांडी दहा-बारा वर्षांपूर्वीच तुटलेली, त्यामुळे टाकीच्या अगदी तळाशी जे असेल तेच आधी खाली यायचं. थेंब पडले. त्यांनी फुंकर घातली, वाट बघितली. हाताला गार लागलं नाही. थेंब तसेच उभे, गोल, चकाकत.

पाणी. टाकीत पाणी! काल भरलेल्या टाकीत! पंपावरच्या पोराला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, मग आठवलं की पंपावरून ती सुरळीत घरी आली होती. म्हणजे रात्रीतून. पाऊस नाही, ओल नाही, ड्योढीला छत आहे. त्यांनी टाकीचं झाकण फिरवून काढलं. डोळ्यांना आतलं काय दिसणार, कपाळ! म्हणून बोट घालून चाचपलं. तोंडाच्या जरा खाली, आतल्या भिंतीला, काहीतरी मऊ चिकटलं होतं. त्यांनी ते नखाने ओढून वर काढलं आणि ह्या वेळी आधी नाकाशी नेलं.

पेट्रोलच्या भपकाऱ्यातही तुळस लपली नाही.

आधी आला तो संताप. "अरे, काय हा मूर्खपणा!" असं ओठांपर्यंत आलं. स्वयंपाकघराकडे तोंडही फिरवलं. आणि मग सकाळचं सगळं एकेक करून समोर आलं. पहाटे ड्योढीत वाजलेल्या बांगड्या, ज्या त्यांना रांगोळीच्या वाटल्या होत्या. लाल डोळे. शांतपणे जाऊ द्या तिला. उद्या ही राहणार नाही, असं रात्री जेवताना तेच म्हणाले होते, आणि बाईंनी मान खाली घालून भात कालवला होता. जिच्यापायी आपल्या आईला शेवटची गंगा मिळाली नाही, असं ती तीस वर्षं समजत आली, त्या स्कूटरला तिने आज पहाटे स्नानाहून येऊन स्वतःच्या हाताने पळीने पाणी पाजलं. वर तुळशीपत्र. तहानलेलं कुणी जाता कामा नये.

विश्वेश्वर पायरीवर बसले आणि रडले. हुंदके दाबून, काळ्या हाताने डोळे पुसत. चौतऱ्यावरच्या दोघांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

मग ते उठले. तुळशीचं पान शर्टच्या खिशात घातलं. टाकी नळीवाटे काचेच्या मोठ्या बरणीत रिकामी केली. खाली पाण्याचा थर वेगळा दिसला, पळ्या तीन तरी होत्या. वरचं पेट्रोल हलक्या हाताने वेगळं करून परत टाकीत ओतलं, कार्ब्युरेटर उघडून पुसला, प्लग वाळवला, सगळं जोडलं. दहा वाजून पन्नास मिनिटं. चोक ओढला. पहिली किक, काही नाही. दुसरी, एक खोकला. तिसरीला ती अशी काही फटफटली की समोरच्या गाईने शेपूट उचललं आणि ड्योढीभर निळा धूर झाला. चौतऱ्यावरून "हर हर महादेव!" अशी आरोळी उठली.

शरदिनीबाई झारा घेऊनच बाहेर आल्या. धुरात उभ्या राहिल्या. 

विश्वेश्वरांनी इंजिन बंद केलं. "वही आण," ते म्हणाले. "देवव्रतला द्यायची आहे. त्याच्या आधी दोन नोंदी करायच्या."

बाईंनी हात पुसले, वही आणली, चष्मा चढवला, पायरीवर बसल्या.

"चौऱ्याण्णव सालचं पान काढ. माई गेली ते."

पानं उलटायची थांबली. "ते कशाला आता?"

"काढ गं. कॉइल जळाली लिहिलंय ना? ते खोड. त्याच्यापुढे लिही. कारण: टाकीत पेट्रोल नव्हतं. आदल्या दिवशी भरायचं मी टाळलं." त्यांनी स्कूटरच्या सीटवर हात ठेवला. "गाडीचा दोष नाही. चूक माझी. तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही, आणि मग कधीच झाली नाही."

 शरदिनीबाईंच्या पेनाचं टोक कागदावर टेकून तसंच राहिलं, तिथे शाईचा ठिपका झाला. मग त्यांनी वर बघितलं, आणि तोंड असं लाल झालेलं की विश्वेश्वर एक पायरी मागे सरकले.

"तीस वर्षं!" त्या म्हणाल्या. "तीस वर्षं त्या मुक्या जिवाला मी शिव्या घातल्या, आणि तुम्ही शेजारी उभं राहून ऐकत होतात? शरम नाही वाटली? मला सांगायचं होतंत ना, काय घालायच्या त्या शिव्या तुम्हाला घातल्या असत्या! मी तुम्हाला सोडून गेले असते का, अहो? कुठे गेले असते?"

"चुकलंच माझं."

"चुकलंच!" आणि त्या रडायला लागल्या, माईसाठी, पुन्हा एकदा, आणि स्कूटरसाठीही असाव्यात. रडत रडतच त्यांनी 'कॉइल'वर रेघ मारली आणि सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लिहून काढलं. मग पदराने नाक पुसून उठल्या, देवघरातून कुंकवाचा करंडा आणला आणि स्कूटरच्या पुढच्या दिव्यावर बोट टेकवलं. हात जरा वेळ तिथेच ठेवला.

तेवढ्यात देवव्रत आला. गोरा, दाढीवाला, पाठीवर बॅग. नमस्कार झाले, पुऱ्यांचा डबा बॅगेत गेला. त्याने स्कूटरभोवती दोनदा फेरी मारली, निवेदिताच्या पायांनी घासलेल्या जागेवरून हात फिरवला आणि किक मारली. एकीत उठली. त्याचं तोंड असं फुललं की कबाडीवाल्याचं नावही कुणाला आठवलं नाही.

"काका, ही वहीसुद्धा माझी?" त्याने चालू इंजिनावरून ओरडून विचारलं. शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. "आजचं काही लिहिलं नाहीत? चौतऱ्यावरचे म्हणत होते, सकाळी स्टार्टच होत नव्हती. प्रॉब्लेम काय निघाला?"

शरदिनीबाईंनी पेन हातात घेतलं आणि नवऱ्याकडे बघितलं. "हो की, दुसरी नोंद राहिलीच. काय लिहू? कारण?"

विश्वेश्वरांचा हात खिशाशी गेला.

"काजळी," ते म्हणाले. "प्लगवर काजळी."

बाईंनी लिहिलं. काजळीतला 'ळी' दीर्घ, वळणदार. अडतीस वर्षांच्या वहीतलं एक खोटं गेलं होतं आणि एक नवं आलं होतं, पण ह्या दुसऱ्याबद्दल विश्वेश्वरांना काडीइतकंही वाईट वाटलं नाही.

देवव्रतने वही डिकीत ठेवली, गिअर टाकला आणि गल्लीच्या वळणाशी मुद्दाम हॉर्न वाजवला, तोच जुना, घसा बसलेला. फटफट वळणामागे गेली, मग मोठ्या रस्त्याच्या आवाजात मिसळली. ड्योढीत तेलाचा एक डाग राहिला. दोघं दारात उभी होती.

"एक सांगू? हसणार नाही ना?" शरदिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी पहाटे तिला गंगा पाजली होती हो. टाकीत. आता जातेच आहे म्हणून, शेवटची. आणि बघा तर, उठून चालायलाच लागली!"

विश्वेश्वरांनी बायकोकडे बघितलं. रडून सुजलेल्या त्या डोळ्यांत कितीतरी वर्षांनी सारनाथची हौस होती.

"त्यानेच उठली," ते म्हणाले. "मी तरी दुसरं काय केलं!"